लोकांनी सोडलेल्या लहरी आणि आपली निवड

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आपल्या घरात दिवसातून एकदा तरी निघतोच. पूर्वी तो लग्नकार्यात निघायचा. आता तो मोबाईल घेताना निघतो, टीव्ही घेताना निघतो, पोराला कोणता क्लास लावायचा हे ठरवतानाही निघतो. चारचौघांनी घेतली तीच वस्तू आपण घेतली तर कोणी काही विचारत नाही. पण एखाद्याने वेगळीच वस्तू पसंत केली, वेगळाच छंद धरला, की त्याला एक तर येडा ठरवतात, नाही तर चिकट. अशा येड्यांच्या बाजूने आज थोडे बोलायचे आहे. त्यासाठी दाखला शोधत लांब जायची गरज नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातच तो उभा आहे.

खोडदच्या थाळ्या

पुणे-नाशिक रस्त्याने आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे टाकले की पुढे नारायणगाव लागते. तमाशाच्या फडांचे आणि टोमॅटोच्या बाजाराचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. तेथून पूर्वेला खोडदकडे वळले की शेतांच्या मधोमध एक प्रचंड थाळी आभाळाकडे तोंड करून उभी दिसते. थोडे पुढे गेले की दुसरी, मग तिसरी. अशा एकूण ३० थाळ्या आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ एक चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जागेत आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना आजूबाजूच्या गावांच्या शिवारात पसरलेल्या आहेत. एका टोकाची थाळी दुसऱ्या टोकाच्या थाळीपासून २५ किलोमीटरपर्यंत दूर आहे. सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. १९९० च्या दशकात तिचे बांधकाम झाले आणि २००२ पासून ती जगभरच्या शास्त्रज्ञांना वापरायला खुली झाली.

एका थाळीचा व्यास ४५ मीटर आहे. शेतकरी वाचकांसाठी हिशेब करून सांगतो. एका थाळीचे तोंड जवळजवळ १६ गुंठ्यांचे भरते. तीसही थाळ्यांचे मिळून सुमारे १२ एकर होतात. बारा एकरांचा कान आभाळाला लावलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही दुर्बीण डोळा लावून पाहायची नाही. ती आपल्या घरातल्या रेडिओच्या जातीची आहे. तारे, दीर्घिका, आकाशातले वायूचे ढग यांच्याकडून प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही येतात. त्या लहरी ही दुर्बीण पकडते. लहरी लांब असतात, आखूडही असतात. आपण एफएमवर गाणी ऐकतो ती लहर साधारण तीन मीटर लांब असते. मोबाईलची लहर सेंटीमीटरमध्ये मोजायची. खोडदची दुर्बीण मुख्यतः लांब लहरी पकडण्यासाठी बांधली गेली. 'मीटरवेव्ह' हे नाव त्यावरूनच पडले. आपला आजचा विषय या लांब लहरींपासूनच सुरू होतो, कारण एके काळी जगाने त्या जवळजवळ सोडून दिल्या होत्या.

परसातला छंद

आकाशातून रेडिओलहरी येतात हे प्रथम कळले ते अमेरिकेत. कार्ल जान्स्की हा टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअर समुद्रापलीकडच्या टेलिफोनमध्ये येणारी खरखर कुठून येते हे शोधत होता. त्यातली काही खरखर थेट आकाशगंगेतून येते असे त्याने १९३३ साली जाहीर केले. वर्तमानपत्रांत बातमी आली, पण खगोलशास्त्रज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. जान्स्कीलाही दुसऱ्या कामावर लावले गेले.

पण ग्रोट रेबर नावाच्या एका तरुणाने ते मनावर घेतले. रेबर खगोलशास्त्रज्ञ नव्हता. दिवसा रेडिओच्या कंपनीत नोकरी करायचा, आणि लहानपणापासून त्याला हौशी रेडिओचा, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, त्याचा छंद होता. १९३७ साली शिकागोजवळच्या व्हीटन गावात, घराच्या परसात, त्याने पदरच्या पैशाने साडेनऊ मीटर व्यासाची थाळी उभी केली. शेजारीपाजारी बघायला यायचे. हे काय आहे, कशासाठी आहे, कोणाला उमगत नव्हते. दिवसा मोटारगाड्यांच्या ठिणग्यांमुळे रेडिओत फार खरखर यायची, म्हणून हा गडी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत नोंदी घ्यायचा आणि सकाळी पुन्हा नोकरीकडे लक्ष द्यायचा.

त्याने आधी आखूड लहरींवर प्रयत्न केला, नऊ सेंटीमीटरच्या. काही ऐकू आले नाही. मग ३३ सेंटीमीटरच्या लहरींवर केला. तेथेही काही नाही. शेवटी तो लांब लहरींकडे आला, जवळजवळ दोन मीटरच्या, आणि तेथे आकाशगंगा बोलली. पुढची काही वर्षे या कामात जगात जवळजवळ तो एकटाच होता. एका नोकरदाराच्या परसातल्या छंदातून एक शास्त्र वाढीला लागले.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर या शास्त्राला मोठे दिवस आले. मोठमोठ्या देशांनी मोठमोठ्या दुर्बिणी बांधल्या आणि बहुतेकांचा ओढा आखूड लहरींकडे गेला. त्याला कारणेही चांगली होती. आखूड लहरींनी आकाशाचे चित्र स्पष्ट येते. लांब लहरींनी तेवढेच स्पष्ट चित्र हवे असेल तर दुर्बीण कित्येक किलोमीटर पसरावी लागते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना लांब लहरी हलतात, वाकतात. आणि पुढारलेल्या देशांत टीव्ही-रेडिओच्या प्रक्षेपणाने याच लहरी गजबजून गेल्या होत्या. हा रस्ता कटकटीचा म्हणून बाजूला पडला. रेबर मात्र १९५४ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर राहायला गेला आणि आणखी लांब, शेकडो मीटरच्या लहरींच्या मागे लागला. २००२ साली तेथेच तो वारला. लोक जिकडे निघाले तिकडे आपणही निघालेच पाहिजे, असे त्याला आयुष्यभर कधी वाटले नाही.

कल्याणपासून खोडदपर्यंत

आपल्याकडे ही वाट धरली ती डॉ. गोविंद स्वरूप यांनी. जन्म उत्तर प्रदेशातला, १९२९ चा. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात शिकायला गेले. तेथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या ३२ लहान थाळ्या, प्रत्येकी सुमारे सहा फूट व्यासाच्या, काम संपल्यामुळे मोडीत निघणार होत्या. त्या भारताला द्या, असा प्रस्ताव स्वरूप यांनी मांडला आणि तो मान्यही झाला. पुढे अमेरिकेत डॉक्टरेट करून, डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ साली ते टाटा संस्थेत आले. त्याच ३२ थाळ्या जोडून १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांनी देशातली एक पहिली रेडिओ दुर्बीण उभी केली. दुसऱ्याच्या दृष्टीने जे भंगार होते, त्यातून येथल्या तरुण शास्त्रज्ञांची एक पिढी हाताने काम करायला शिकली.

त्यानंतर १९७० साली उटीची दुर्बीण पुरी झाली. लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर. ती बांधताना स्वरूप यांनी उटीजवळचा असा डोंगर निवडला की ज्याचा उतार तेथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंशांचा आहे. डोंगरानेच अर्धे काम केले. त्या उतारावर बसवलेली दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवली की पृथ्वी फिरत असतानाही एकाच ताऱ्यावर तासन् तास रोखून ठेवता येते. किमती यंत्रणेचे काम एका नीट हेरलेल्या डोंगराने केले.

आणि मग खोडद. १९८० च्या दशकात ही कल्पना पुढे आली तेव्हा स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ हिशेब मांडला. आखूड लहरींच्या शर्यतीत श्रीमंत देशांच्या मागे धावण्यापेक्षा त्यांनी जे सोडले आहे त्यात उतरावे. परदेशात लांब लहरी गजबजलेल्या आहेत, आपल्याकडे अजून शांतता आहे. खोडदच्या आजूबाजूच्या डोंगरांचा आडोसा मिळतो. वारा फार जोराचा नसतो, बर्फाचे तर नावच नाही. पुणे जवळ आहे. आणि दूरदूरच्या थाळ्यांचे सिग्नल एकत्र करायला लागणारे संगणक आता आवाक्यात आले आहेत.

थाळी कशी बनवली हेही समजून घेण्यासारखे आहे. पत्र्याची भरीव थाळी केली असती तर तिचे वजन भारी, वाऱ्याचा दाब भारी आणि खर्चही भारी झाला असता. त्याऐवजी लोखंडी सांगाड्यावर दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांचा आधार दिला आणि त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारेची जाळी बसवली. जाळीची भोके एक ते दोन सेंटीमीटरची. चाळणीतून पीठ खाली पडते आणि कोंडा वर राहतो, तसा हा प्रकार. वारा जाळीतून निघून जातो, पण लहर भोकापेक्षा पुष्कळ लांब असल्याने जाऊ शकत नाही, ती परत फिरते. लांब लहर निवडली म्हणून जाळी चालली, जाळी चालली म्हणून थाळी हलकी झाली, हलकी झाली म्हणून एवढ्या मोठ्या ३० थाळ्या आपल्या देशाला परवडल्या. एक निवड विचाराने केली की पुढच्या गोष्टी तिच्या मागोमाग येतात.

सोडलेल्या वाटेवर पुन्हा गर्दी

या निवडीचे फळ काय मिळाले? १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण आवाज १७ कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरून खोडदच्या थाळ्यांनी थेट ऐकला. यानाची लहर जीएमआरटीच्या पट्ट्यातली होती, म्हणून हे जमले. उतरण्याच्या शेवटी आवाज बंद पडला. यान मंगळावर आदळले होते. पण शेवटपर्यंतची खबर जगाला जुन्नर तालुक्यातून मिळत होती.

जानेवारी २०२३ मध्ये दोन भारतीय शास्त्रज्ञांनी जीएमआरटीच्या नोंदींवरून एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश मिळाल्याचे जाहीर केले. तो तेथून निघाला त्याला सुमारे ८८० कोटी वर्षे झाली. निघाला तेव्हा त्याची लहर २१ सेंटीमीटरची होती. विश्व पसरत असल्याने वाटेत ती ताणली गेली आणि येथे पोचली तेव्हा ४८ सेंटीमीटरची झाली. जितके जुने, जितके दूरचे ऐकायचे, तितकी लहर लांब होत जाते. म्हणजे विश्वाचे बालपण पाहायचे असेल तर लांब लहरींकडे येण्यावाचून गत्यंतर नाही. आज जग तिकडे आले आहे. नेदरलँडमध्ये लांब लहरींची मोठी दुर्बीण झाली. ऑस्ट्रेलियात एक प्रचंड आंतरराष्ट्रीय दुर्बीण त्याच लहरींसाठी उभी राहत आहे आणि त्या प्रकल्पात भारतही सामील आहे. डॉ. स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले. त्याच वर्षी जीएमआरटीला विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा 'आयईईई माइलस्टोन' हा सन्मान मिळाला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या निवडीची किंमत आसपासच्या गावांनी मोजली आहे. रेडिओ-शांतता राखायची म्हणून परिसरात कारखाने आणि मोबाईलचे मनोरे उभारण्यावर बंधने आली. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीलाही या दुर्बिणीमुळे हरकत निघाली आणि मार्ग बदलण्याची वेळ आली. येथल्या तरुणाने "आम्हाला त्याचा काय उपयोग?" असे विचारले तर त्याच्यावर रागावू नये. त्याला नीट उत्तर द्यावे, आणि आपल्या शिवारात काय घडते आहे हे त्याला समजेल अशी सोय करावी.

लादलेले वेगळे, निवडलेले वेगळे

येथे आपल्या घराकडे वळू. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावातले ओळखीचे कुटुंब आहे. वडील बाजारात हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते. मुलगी दहावीत. तिला जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद लागला. बंद पडलेला ट्रान्झिस्टर मिळाला की ती तो उघडून बसते. डायलची दोरी तुटली आहे का, बॅटरीच्या खणात गंज चढला आहे का, कुठला सोल्डर सुटला आहे का, हे मल्टिमीटर लावून बघते. आत्या घरी आली की म्हणायची, "काय गं, भंगाराचं दुकान मांडलंय का?" बरोबरीच्या मुली मोबाईलवर व्हिडिओ काढत आणि हिला 'म्हातारी' म्हणत.

हसण्यावारी नेले असते तर ठीक होते. पण वडिलांना ते फार लागले. एकदा ते मला म्हणाले, "भाऊ, आमच्या बापानं जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलं घातलं, दुसऱ्यानं टाकलेलं वापरलं. आम्ही हमाली करतो ती पोरांना कोरं करकरीत मिळावं म्हणून. आणि आमची पोरगी लोकांनी टाकलेलं घरात गोळा करते!"

या बोलण्याला हसण्याची माझी तरी हिंमत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना नवे कापड घालायला, चांगले भांडे वापरायला मज्जाव होता, त्या घरात नवी वस्तू ही चैन नसते. तो मान असतो. जुनी वस्तू पाहिली की मागचे दिवस आठवतात. म्हणून "जुनेच बरे, साधेच बरे" असा उपदेश आपल्या माणसांना करणाऱ्यांचा मला राग येतो. पोटभर खाल्लेल्याने उपासाचे गुण सांगावेत, तसला तो प्रकार.

पण मुलीने वडिलांना जे सांगितले तेही ऐकण्यासारखे होते. ती म्हणाली, "बाबा, हा कुणी मला टाकून दिलेला नाही. तीन दुकानं हिंडून मी निवडून आणलाय. ह्यात काय बिघडलंय ते दुकानदाराला कळत नव्हतं, मला कळलं."

सगळा फरक या बोलण्यात आहे. आजोबांच्या अंगावरचा जुना सदरा त्यांच्यावर लादलेला होता. नातीच्या हातातला जुना रेडिओ तिने पारखून घेतलेला आहे. वस्तू दोन्ही जुन्याच, पण एकीत लाचारी होती, दुसरीत ज्ञान आहे. कल्याणच्या ३२ थाळ्या काही भीक म्हणून आलेल्या नव्हत्या. त्यांचे काय करायचे हे ठाऊक असलेल्या माणसाने त्या मागून आणल्या होत्या. खोडदची जाळीही केवळ गरिबी म्हणून लावलेली नाही, विचार करून लावलेली आहे.

आणि उलट बाजूनेही हे तितकेच खरे आहे. सगळ्यांकडे आहे म्हणून, दुकानदाराने गळ घातली म्हणून, जाहिरातीत हिरोने धरला म्हणून घेतलेला नवा कोरा मोबाईल हादेखील लादलेलाच असतो. फक्त लादणारा बदलला. पूर्वी गाव ठरवायचे आम्ही काय वापरायचे, आता बाजार ठरवतो. आपली निवड आपण करायची, हा हक्क मोठ्या कष्टाने मिळाला आहे. तो दुकानाच्या गल्ल्यावर ठेवून यायचा का?

त्या घरात पुढे काय झाले तेही सांगतो. मोठा चमत्कार काही झाला नाही. आत्या अजूनही बोलते. पण शेजारच्या आजीचा कित्येक वर्षे बंद असलेला रेडिओ मुलीने चालू करून दिला, आणि वडील आता रात्री तिच्याजवळ बसून स्टेशन लावून बघतात.

या छंदात गोडी कसली?

मीडियम वेव्हचा एक गुण असा की दिवसा जवळची स्टेशने लागतात आणि रात्र झाली की दूरची लागू लागतात. आकाशातल्या ज्या थराने शास्त्रज्ञांना त्रास दिला, तोच थर या लहरी परत खाली पाठवतो. मग हळूहळू डायल फिरवायची, कान लावायचा, कुठली भाषा, कुठले गाव ओळखायचे, वहीत तारीख-वेळ लिहायची. खरखर फार आली तर घरातला एलईडी दिवा आणि मोबाईलचा चार्जर बंद करून पाहायचा. पुष्कळदा खरखर तेथूनच येते. रेबरने मध्यरात्री जे केले, तेच आपले पोर ओसरीवर करते. खेड्यातल्या शांत रात्री शहरापेक्षा रेडिओ स्वच्छ लागतो, आणि तारेही जास्त दिसतात. शहरातल्या मुलाला पैसे देऊनही ते मिळत नाही.

ज्याला आणखी पुढे जायचे त्याच्यासाठी हॅम रेडिओ आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. या छंदाला आज कोणी विचारत नाही. पण डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा अंदमानात छंद म्हणून गेलेल्या एका महिला हॅमने आणि तिच्या सोबत्यांनी, इतर साधने बंद पडलेली असताना, शेकडो माणसांचे निरोप घरोघरी पोचवले. आपल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण कोण विसरेल? ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचून गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनेची खबर प्रथम बाहेर आणली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. भारी साधने गप्प असतात तेव्हा साधी साधने आणि ती चालवणारी माणसे कामाला येतात.

अर्थात प्रत्येक छंद उपयोगाचाच असला पाहिजे असेही नाही. डॉ. बाबासाहेबांच्या डोक्यावर कामाचे डोंगर होते, तरी उतारवयात ते हौसेने व्हायोलिन शिकत होते. त्यांना त्यात गोडी वाटत होती, एवढे कारण पुरेसे आहे. कष्टकऱ्याच्या पोराला निव्वळ आनंदाचा अधिकार नाही, असे कोणी सांगितले?

थोडा जमाखर्च

कारकुनाचा स्वभाव, आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा, २४ हजारांचा मोबाईल हप्त्यांवर घेतला आणि व्याज-खर्च धरून महिना २२०० रुपये पडले. वर्षाला २६ हजार ४०० झाले. दोन-तीन वर्षांत तो जुना म्हणून पुन्हा नवा घ्यायचा. आता हाच मोबाईल मुलाच्या अर्जासाठी, अभ्यासासाठी, धंद्यासाठी लागत असेल तर जरूर घ्यावा. कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज आता त्यावरच होतात. छंदाच्या नावाखाली मुलीला मोबाईलच द्यायचा नाही, हेही लादणेच झाले. पण गरज दहा हजारांत भागत असेल, तर वरचे १४ हजार कशाचे? ते "लोक काय म्हणतील?" या प्रश्नाचे. एवढी फी आपण त्या प्रश्नाला दरवेळी का भरावी?

आणि हेही ध्यानात असू द्या की लोकांनी टाकले म्हणून प्रत्येक गोष्ट सोनेच असते असे नाही. चारचौघांच्या उलट वागायचे एवढ्याचसाठी वेगळे काही धरणे, हीदेखील चारचौघांचीच गुलामी आहे. म्हणून मुलाने किंवा मुलीने काही वेगळे पसंत केले की आईवडिलांनी तीनच प्रश्न विचारावेत. हे तुला का आवडते? यातले तुला काय कळते, आम्हाला समजावून सांगशील का? आणि याला खर्च किती, तो आपल्याला झेपेल का? उत्तरे सरळ आली तर पाठीशी उभे राहा. उत्तरे आली नाहीत तर रागावू नका, शोधायला वेळ द्या.

वस्त्यावस्त्यांतून काम करणाऱ्या तरुणांना एक सूचना आहे. विहारातल्या वाचनालयाच्या एका कोपऱ्यात एक टेबल, एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची काडी आणि घरोघरी धूळ खात पडलेले चार बंद रेडिओ ठेवा. शिकवायला गावातलाच जुना रेडिओ मेकॅनिक बोलवा. त्यालाही बरेच दिवसांत कोणी गुरू म्हटलेले नसेल.

आणि २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. ग्रामीण भागातल्या शाळांची मुले आपले प्रयोग तेथे मांडतात आणि दुर्बीणही पाहायला मिळते. सहलीला देवस्थाने आणि वॉटरपार्क दरवर्षी असतातच. एकदा एसटीने मुलांना तेथे न्या. मोबाईल बंद करावे लागतील, त्याची तक्रार करू नका. थाळीखाली उभे राहून मुलांना सांगा की ही वाट जगाने सोडली होती, आपल्याकडच्या माणसांनी ती विचार करून धरली. मग घरी परत येताना त्यांना विचारा, "तुला काय करावंसं वाटतं?" आणि जे उत्तर येईल त्याला लगेच हसू नका.